कसलाबी कोळसा

मोटार एकेकाळी कोळशावर चालत होती, असं मी नव्या ड्रायव्हरांना सांगतो तेव्हा ते आधी एकमेकांकडं बघतात आणि मग हसतात. त्यांना वाटतं, मास्तर आगगाडीचं बोलतोय. मग मी बाही वर करून उजव्या मनगटावरचा डाग दाखवतो. भट्टीच्या झाकणानं दिलेला तो डाग रुपयाएवढा आहे. नोकरीत मिळालेले बिल्ले परत करावे लागतात, हा एक मात्र माझ्याकडं राहील.

सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर मी सोळा-सतरा वर्षं प्रवासी मोटार चालवली. आता सरकारी डेपोत चालवायला शिकवतो. वय सेहेचाळीस. एवढ्या काळात माझा धंदा माझ्या हातात असताना किती वेळा बदलला ते सांगितलं तर खोटं वाटेल. पेट्रोल गेलं आणि कोळसा आला. कोळसा शिकलो तर पेट्रोल परत आलं, त्यामागून डिझेल आलं. मालक गेले, सरकार आलं. सांगली संस्थानाच्या हद्दीवर नाका होता, तिथं रोज कागद दाखवायचो. एके सकाळी गेलो तर दाखवायला कुणी नव्हतं. पुढं आमचा सातारा जिल्हाच मधोमध कापून दोन झाले. असं काही झालं की दर वेळी चार-दोन चांगले ड्रायव्हर घरी बसले. मी बसलो नाही. ह्याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवणार नाही. पण त्या अभिमानात एक काटा मोडून राहिलेला आहे. तोही झाकायचा नाही, असं ठरवून लिहितो आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली तेव्हा मी कराडच्या एका मालकाकडं होतो. चार गाड्या, चार कायमचे ड्रायव्हर आणि मी बदलीवर. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी लग्न निघालं की माझ्या हातात गाडी येई. चौघांत मोठे मारुतीदादा. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. पलूसजवळच्या खेड्यातले. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेले आणि तिथं लॉरी चालवायला शिकून आले. अंगात पांढरा इस्त्रीचा कोट, डोक्याला फेटा. दिवसभर कराड-सांगलीची धूळ खाऊन संध्याकाळी परत आले तरी कोटाची घडी मोडलेली नसे.

मला गाडी त्यांनीच शिकवली. इंजिन चालू करून मला डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, "कुठला सिलिंडर रुसलाय, सांग." चुकलो की मानेवर टपली बसे. कानानं गाडी ओळखणं ही त्यांची देणगी. आजही मी वर्गात पहिल्यांदा डोळे मिटायला लावतो.

उस्तादांचा एक नियम होता आणि त्या काळच्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचा तोच होता. ड्रायव्हर खाली उतरत नाही. चाक पंक्चर झालं, रेडिएटरला पाणी लागलं, ओढ्यात गाडी रुतली, तरी ही कामं क्लीनरची. ड्रायव्हरनं सीट सोडायची नाही. बाहेरच्या माणसाला ही मिजास वाटेल. तशी ती थोडी होतीही. पण उस्ताद म्हणायचे, "आरं, ड्रायव्हर उतरला का मानसं घाबरत्यात. म्हणत्यात, आता ह्येचंबी काय चालंना. बसऱ्याला जाताना जहाज लय हाललं. पर कप्तान वर हुबा दिसत हुता, म्हून आमी जेवलो."

लढाईत पेट्रोल मोजून मिळू लागलं आणि मालकानं मुंबईहून एक गॅसचा प्लँट आणला. गाडीच्या मागं माणसाच्या उंचीचं लोखंडी पिंप. त्यात वरून कोळसा भरायचा, खालून विस्तव द्यायचा आणि हातानं पंखा फिरवायचा. कोळसा भडकून जळता कामा नये, तो कोंडल्या हवेत धुमसला पाहिजे. त्यातून निघणारा वायू नळ्यांतून फिरवून गार करायचा, काथ्याच्या गाळणीतून गाळायचा आणि इंजिनात सोडायचा. बरोबर हवा किती मिसळायची ते ड्रायव्हरनं सीटजवळच्या एका दांड्यानं ठरवायचं. सुरू करण्यापुरतं थोडं पेट्रोल मिळे.

प्लँट आला त्या दिवशी सगळे गॅरेजात गोल उभे होते. मालकानं उस्तादांकडं बघितलं. उस्तादांनी पिंपाभोवती एक फेरी मारली, कोट सांभाळत झाकणातून आत डोकावले आणि म्हणाले, "मालक, ही मोटार हाय का लगनाचा मांडव? मला आचारी करताय व्हय?"

सगळे हसले. दुसऱ्यानं नको म्हटलं, तिसऱ्याला अचानक दमा आठवला. चौथा बाहेर जाऊन पान खात उभा राहिला. राहिलो मी. मला गाडी कायमची मिळत होती. मी हो म्हणालो.

पहिले दोन महिने आठवले की अजून कान गरम होतात. कराडहून निघालेली गाडी सांगलीला कधी पोचेल ते मला सांगता येत नसे, आणि उतारूंना तर मुळीच नाही. दर सात-आठ मैलांवर दम तुटे. क्लीनर एकटा पुरा पडत नसे. एकदा पंखा फिरवून त्याचे हात भरून आले तेव्हा मी सीटवर बसल्या बसल्या विचार केला की गाडीच्या मागं काय चाललंय ते मला दिसतच नाही, तर मी हा दांडा कुठल्या अंदाजानं फिरवतोय? आणि मी खाली उतरलो. विस्तव कसा दिसतो, गाळणी किती बुजते, राखेचा रंग कसा असतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागलो. तोंड काळं, हात काळे. उतारू म्हणायचे, "ड्रायव्हरसायेब, पेटलंच हाय तर च्याचं आधण ठेवा की." मीही म्हणायचो, "दूध तुमी आणा."

एक निवृत्त फौजदार दर गुरुवारी सांगलीहून येत. थंडीत ते मागचीच सीट मागायचे, कारण ती भट्टीमुळं उबदार असे. खिडकीही लावून घ्यायचे. एकदा आष्ट्याच्या पुढं आरशात बघितलं तर त्यांची मान लुळी. मी गाडी थांबवली, धावत मागं गेलो आणि त्यांना उचलून बाभळीखाली आणून निजवलं. ह्या वायूला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो, हे मला एका पलटणीतल्या मिस्त्रीनं सांगितलं होतं, म्हणून कळलं. घटकाभरानं त्यांनी डोळे उघडले. शर्टाचं बटण लावत म्हणाले, "स्टेशन आलं का?" त्या दिवशी नळीची फट शोधून बुजवली आणि मागची खिडकी खिळे ठोकून कायमची उघडी ठेवली. पुढच्या गुरुवारी ते मागं बसले आणि इस्लामपूरपर्यंत थंडीवरून माझ्याशी भांडले.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र माझ्या हाती लागत नव्हती. चढण आली की गाडी मरे. ती गोष्ट मला एका बाईनं सांगितली.

इस्लामपूरच्या स्टँडवर मी भट्टी भरत होतो. शिराळ्याकडची एक लोहारीण विळ्यांची पाटी घेऊन कराडच्या बाजाराला निघाली होती. पन्नाशीची असेल. पाटी खाली ठेवून ती माझं काम बघत उभी राहिली. मग घमेल्यातला एक कोळसा उचलून तिनं हातात फिरवला.

"ह्यो कोळसा तुला कुनी दिला रं बाबा?"

"मालकानं."

"मालकाला म्हणावं, ह्यानं दात घास."

आजूबाजूचे हसले. मी चिडलो नाही, कारण ती हसत नव्हती. "ह्येच्यावर खुरपं तापायचं न्हाई आन तू मोटार तापवतूस? बाभळीचा घे. आंब्याचा, जांभळाचा नगं. एकावर एक वाजवून बघायचा, टणटण वाजला तर घ्यायचा. चाळून घे, भुगा आत जाऊ देऊ नगं. आन उन्हात घाल. कोळसा पानी पितो, दिसत न्हाई पर पितो. तुकडा लिंबाएवढा, ल्हान न्हाई आन मोठा न्हाई."

मग ती क्लीनरकडं वळली. "आन तू गड्या, हाणतोस कशापायी? माझ्या घरधन्याचा भाता मी वढते. गाय दम टाकती तसा वढायचा. सावकास."

एवढं सगळं एका दमात सांगून ती गाडीत जाऊन बसली. कराडला उतरली, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. मी तिचं नावही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बाभळीचा कोळसा शोधून आणला. वाळू चाळायची चाळणी आणली. गॅरेजच्या पत्र्यावर कोळसा वाळत घातला. आठ दिवसांत गाडी बदलली. आवाज भरला. मला एक नवीन अक्कल आली ती अशी, की पेट्रोलची गाडी पाय दाबला की लगेच पळते, पण कोळशाच्या गाडीला आत्ता केलेलं पाच मिनिटांनी कळतं. म्हणजे चढणीवर आल्यावर काही करून उपयोग नसतो. चढण दिसायच्या मैलभर आधी चढणीची तयारी करायची. हे मला पुढं फार ठिकाणी उपयोगी पडलं. सुरुवातीचं पेट्रोल न वापरता नुसत्या पंख्यावर इंजिन उठवायलाही शिकलो आणि ते वाचलेलं पेट्रोल घाटासाठी ठेवू लागलो. पाटणच्या पुढं कोकणात उतरणारा कुंभार्लीचा घाट आहे. चिपळूणहून येताना तो घाट मी भरल्या गाडीनिशी, एकाही उतारूला खाली न उतरवता चढून आलो, तेव्हा वरच्या चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. त्या जिल्ह्यात कोळशावर तो घाट असा चढलेली गाडी माझीच पहिली, असं तो म्हणाला. खरं असेल किंवा नसेल, मी ते मानलं.

मग पेट्रोल आणखी तुटलं. तीन गाड्या गॅरेजात उभ्या राहिल्या. मालकानं दुसरा प्लँट आणला आणि उस्तादांच्या गाडीला बसवला. दिवाळी तोंडावर आली होती. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "उस्ताद घाट चढून आले तर दोन गाड्या चालवू. पण चालक जुने घ्यावे लागतील, तुला परत बदलीवर जावं लागेल. नाही चढले, तर तो प्लँट काढून ठेवतो. एकच गाडी, आणि ती तुझी."

हे त्यांनी मला का सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. न सांगते तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. पण त्यात त्यांचा दोष नाही. पुढचं मी केलं.

उस्ताद चिपळूणला निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, मी गॅरेजात उभा होतो. ते आले. माझ्या काळ्या कपड्यांपासून दोन हात लांब उभे राहिले. शेजाऱ्याच्या बैलाबद्दल विचारावं तसं इकडंतिकडं बघत त्यांनी विचारलं, "कोळसा कसला घालतोस रं?"

तो माणूस आयुष्यात कुणाला काही विचारत नसे. मला माहीत होतं, हा एक प्रश्न विचारायला त्यांनी दिवसभर मनाची तयारी केली असणार.

"कसलाबी चालतो, दादा," मी म्हणालो.

"कसलाबी?"

"व्हय."

"मग बरं हाय," म्हणाले आणि गेले. माझ्या पाठीमागं भिंतीला चाळणी टेकून ठेवलेली होती. ती त्यांना दिसू नये म्हणून मी तिच्यापुढं उभा राहिलो होतो.

ज्या बाईशी माझं काही नातं नव्हतं तिनं मला न विचारता सगळं सांगितलं होतं. आणि ज्यानं मला हात धरून शिकवलं, त्यानं विचारलं तेव्हा मी एका शब्दात खोटं बोललो.

तिसऱ्या दिवशी मी कराडहून चिपळूणकडं निघालो. घाट उतरताना वरून तिसऱ्या वळणावर उस्तादांची गाडी उभी दिसली. ती वर येत होती, म्हणजे यायला हवी होती. उतारू खाली उतरून मागून ढकलत होते. चाकांमागं दगड लावलेले. क्लीनर घामानं निथळत पंखा हाणत होता आणि पिंपाच्या झाकणातून पिवळा धूर येत होता. तो धूर बघून मला कळलं, कोळसा ओला आणि भुग्याचा आहे. उस्ताद सीटवर ताठ बसले होते. कोट पांढरा. दोन्ही हात चाकावर.

घाटाचा कायदा असा, की चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची. मी गाडी कडेला घेऊन थांबलो. माझ्या टपावर बाभळीच्या कोळशाची दोन पोती होती. चाळलेली, वाळवलेली. एक पोतं खाली टाकलं असतं, त्यांची भट्टी रिकामी करून भरली असती, तर अर्ध्या तासात ती गाडी वर गेली असती. आमची नजर मिळाली. त्यांनी हात हलवून मला जायची खूण केली.

मी गेलो. इतके दिवस ज्याच्या जोरावर मी मिरवत होतो ते एवढंच होतं की मी खाली उतरायला शिकलो होतो. त्या दिवशी मी सीट सोडली नाही.

उस्तादांची गाडी दुपारनंतर बैल लावून वर आणली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाच्या टेबलावर किल्ली ठेवली, कोट काढून गॅरेजातल्या हुकाला अडकवला आणि नुसत्या सदऱ्यावर पलूसला घरी गेले. मालकानं सांगितल्याप्रमाणं दुसरा प्लँट काढला. लढाई संपेपर्यंत घाटाची गाडी माझी राहिली.

त्या वर्षांचं काम मी मन लावून केलं. बेचाळीसच्या गडबडीत रस्त्यावर झाडं आडवी पडलेली असत, तेव्हा विस्तव विझू न देता तासन् तास थांबलो आहे. रजेवर आलेले शिपाई टपावर बसवून पाटणला नेले आहेत, आणि परत जाताना त्यांच्या आयांची तोंडं बघावी लागू नयेत म्हणून समोर बघून गाडी हाकली आहे. लढाई संपली, प्लँट भंगारात गेले, नवीन गाड्या आल्या. कोळशावर राबलेल्या आम्हा लोकांना डिझेल जड गेलं नाही. ज्यानं एकदा चूल फुंकली आहे त्याला नव्या मशिनापुढं ओणवं व्हायची लाज वाटत नाही. पुढं सरकारनं गाड्या ताब्यात घेतल्या तेव्हा ड्रायव्हरांची परीक्षा झाली. जुन्यांपैकी कितीतरी जण म्हणाले, पंधरा वर्षं गाडी मारल्यावर आता पाटीपेन्सिल घेऊन बसू? मी बसलो. खाकी चढवली. वेळापत्रक पाठ केलं. पास झालो आणि वर्षभरात शिकवणारा म्हणून नेमणूक झाली. अभिमान वाटावा असंच आहे हे. पण दर वेळी कुणी शाबासकी दिली की माझ्या डोळ्यांपुढं तो पिवळा धूर येई.

मालकाचं गॅरेज बंद झालं त्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. उस्तादांचा कोट अजून हुकाला होता. काजळीनं काळा झालेला. मी तो उतरवला, धोब्याकडं दिला, तीन वेळा धुवून घेतला आणि एका रविवारी पलूसला गेलो. कोट द्यायचा हे निमित्त.

वस्ती ओढ्याच्या कडेला होती. लांबूनच इंजिनाचा आवाज आला. मी थांबलो. डोळे मिटले. तो आवाज मी कुठंही ओळखला असता. कोळशाच्या वायूवर चालणारं मोटारीचं इंजिन.

विहिरीवर उस्ताद होते. उघडे, कमरेला धोतर गुंडाळलेलं, मनगटापासून कोपरापर्यंत काळे. आमच्याच मालकाच्या भंगारातून घेतलेलं इंजिन आणि त्यांच्याच गाडीचा तो प्लँट. पट्ट्यावर पंप चालला होता आणि उसात पाणी पडत होतं.

मला बघून ते म्हणाले, "ये. आवाज कसा हाय, सांग."

"भरलेला हाय, दादा. चारी सिलिंडर बोलत्यात."

"मग." ते खूश झाले. मी कोट पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, हात दाखवले. "ह्यो घालून कोळसा भरू व्हय? ठेव तिथं."

बांधावर कोळसा वाळत घातलेला होता. लिंबाएवढे तुकडे. शेजारी चाळणी. मी त्याच्याकडं बघत राहिलो आणि येताना वाटेत जे जुळवून ठेवलं होतं त्यातलं एकही वाक्य मला आठवेना.

"दादा, मला ठावं हुतं," मी म्हणालो. "कसलाबी चालत न्हाई हे मला तवा ठावं हुतं."

ते गाळणीचा काथ्या पिंजत होते. पिंजतच राहिले.

"मलाबी ठावं हाय," म्हणाले.

"कवापास्नं?"

"घाटात. तू वरनं आलास, तुझ्या टपावर दोन पोती हुती. वर ताडपत्री. पावसाळा सरलेला, आभाळात ढग न्हाई आन गड्यानं कोळशाला ताडपत्री घातलीया. म्हटलं, हा कोळसा कसलाबी न्हवं. ह्येला वाळवलाय, ह्येला जपलंय." त्यांनी काथ्या गाळणीत दाबून बसवला. "तू सांगितलं न्हाईस. तुझ्या ताडपत्रीनं सांगितलं. त्येवढ्यावर ह्ये समदं इंजिन हुबं हाय."

मी खाली बसलो. "चुकलं दादा," म्हणालो.

"खोटं बोललास त्येचं काय न्हाई रं. पोटासाठी बोलतो मानूस. पर गाडी थांबवून तू वर बसून ऱ्हायलास, ते लय दिस लागलं मला." मग म्हणाले, "मीबी कुठं उतरलो? चार पावलं येऊन पोतं दे म्हटलं असतं तर तू न्हाई म्हणला असतास?"

"न्हाई म्हणलो नसतो."

"त्येच. दोघंबी बसून ऱ्हायलो. कप्तान दोन, जहाज बुडालं." आणि ते हसले. मला हसू आलं नाही.

पाट भरला तसं त्यांनी इंजिन बंद केलं. गाळणी बसवली, भट्टी परत भरली आणि पंख्याचा दांडा माझ्या हातात दिला. "हँडल धर." मी रविवारचे कपडे घालून आलो होतो. अर्धा तास पंखा फिरवला. घाईनं फिरवायला लागलो की ते म्हणत, "सावकास." ते कुठं शिकले होते कोण जाणे. इंजिन उठलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून डोळे मिटले आणि बोटानं कानाकडं खूण केली. मी ऐकलं. दुसरा सिलिंडर किंचित मागं पडत होता. सांगितलं. मानेवर टपली बसली नाही, म्हणजे बरोबर होतं.

निघताना ते बांधापर्यंत आले. "सरकारात शिकवतोस म्हणं. काय सांगतोस त्यास्नी?"

"मला येतं ते समदं सांगतो. काय लपवत न्हाई."

"आन ह्ये?"

"कुठलं?"

"ह्येच. आपलं दोघांचं."

"न्हाई सांगितलं अजून."

"त्येबी सांग. माझं नाव घालून सांग. ड्रायव्हर खाली उतरत न्हाई म्हून सांगणारा एक येडा हुता म्हणावं."

तेव्हापासून मी सांगतो. प्रत्येक नव्या तुकडीला, पहिल्याच दिवशी, गिअर कुठं आणि ब्रेक कुठं ह्याच्याही आधी. त्यांना म्हणतो, तुमच्या हयातीत ही गाडीही बदलेल, हे डिझेलही जाईल, आणखी काय येईल ते मला माहीत नाही. जे येईल ते शिकायचं, हात काळे करून शिकायचं. आणि शिकलेलं कुणी विचारलं तर चाळणीपुढं उभं राहायचं नाही. काही जण हे वहीत लिहून घेतात. काही जण जांभया देतात. त्या वयात मीही दिल्या असत्या.

त्या वर्षीच्या दिवाळीत पलूसच्या गाडीचा कंडक्टर डेपोत एक पोतं उतरवून गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तेव्हापासून दर दिवाळीला एक पोतं येतं. नरक चतुर्दशीच्या आंघोळीचा बंब आमच्याकडं त्याच कोळशावर तापतो. बायको दर वर्षी कुरकुरते. म्हणते, "बंबाला कसलाबी कोळसा चालतोय की. त्येला येवढं गुंडाळून धाडायचं काय नडलंय?"

कारण पोत्याला वरून ताडपत्री बांधलेली असते. पाऊस संपून महिना झालेला असतो. मी अंगणात बसतो आणि एक एक गाठ सोडतो.